आपण म्हणजे कोण?

दिगंबर सोवनींनी दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरलं, त्यावर सीताफळांची पिशवी रिकामी केली आणि एकेक फळ हलक्या अंगठ्यानं दाबून बघायला सुरुवात केली. तेवढ्यात कुसुमताईंनी स्वयंपाकघरातून सांगून टाकलं.

"दूध मी आटवून देईन. वेलची मी घालीन. पण बियांना मी हात लावणार नाही. बासुंदी तुम्हाला हवीय, बिया तुम्ही काढा."

"आपण निश्चिंत असावं," दिगंबरराव म्हणाले.

आता हे 'आपण' जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. राग आला की चारचौघं 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरतात. दिगंबरराव 'तुम्ही'वरून 'आपण'वर चढत. पाटबंधारे खात्यात असताना हाताखालच्या माणसानं फाइल हरवली तर ते ओरडत नसत. "आपण ती फाइल घरी लोणच्यात घातलीत का?" एवढंच विचारत, आणि समोरचा दोन दिवस जेवत नसे. निवृत्त होऊन सहकारनगरातल्या या फ्लॅटमध्ये बसल्यावरही सवय तशीच राहिली. कुंडीत येऊन बसणाऱ्या मांजरालासुद्धा ते "आपण आता खाली उतरावं" असंच म्हणत. कुसुमताईंना या शब्दाचा बरोब्बर अंदाज होता. नवरा 'तुम्ही' म्हणाला की सगळं क्षेमकुशल, 'आपण' म्हणाला की स्वारी बिघडली.

आणि स्वारी बिघडायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचं निदान केलं आणि दिगंबररावांच्या आयुष्यातून गोड हा शब्द खोडून टाकला. दोन वर्षं हा माणूस लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे पाठ करून मठ्ठा पीत होता. परवा रिपोर्ट चांगले आले, तेव्हा डॉक्टर खुशीत येऊन म्हणाले, "काका, एक वाटी काहीतरी गोड खा. एकदाच. पण वाटीच हं!" दिगंबररावांनी त्यावर गंभीर विचार केला. श्रीखंड नको, जिलबी नको. सीताफळाची बासुंदी! घरातली सगळ्यात मोठी वाटी त्यांनी माळ्यावरून काढून घासून ठेवली. तिला वाटी म्हणणं हा डॉक्टरांचा विश्वासघात होता. ती खरं तर लहानसं पातेलं होती. रविवार मुक्रर झाला, आणि गुरुवारपासून माणूस फळं दाबत बसला.

त्यात सकाळी नातीशी वाजलं. स्पृहा कॉलेजसाठी आजीआजोबांकडे राहायची, तिचे आईवडील नाशिकला. पोरगी गुणी, पण गेलं वर्षभर तिनं सबंध जगाची गरिबी अंगावर घेतली होती.

"आजोबा, जगात इतकी माणसं उपाशी झोपतात आणि तुम्ही एका वाटीचं प्लॅनिंग करताय! हाउ सेल्फिश!"

"मी ती वाटी खाल्ली नाही, तर ती उडत आफ्रिकेत जाणार आहे का?"

"दॅट्स नॉट द पॉइंट!"

"मग पॉइंट काय आहे?"

पॉइंट काय आहे ते न सांगताच ती दार आपटून कॉलेजला गेली. आजोबांना ते 'सेल्फिश' चांगलंच झोंबलं होतं. दोन वर्षं दुधीभोपळ्यावर काढलेल्या माणसाला स्वार्थी म्हणायचं म्हणजे काय?

आणि दुपारी फळं दाबत असतानाच नेमका फोन वाजला.

"नमस्कार काका, मी राजनंदिनी काळभोर बोलतेय, विश्वघास संस्थेकडून. दोन मिनिटं आहेत का?"

"एक आहे."

"काका, जगात आज कितीतरी लोक उपाशीपोटी..."

"सकाळीच कळलं मला."

"आणि लांब कशाला, काका, आपल्या पुण्यातच बाहेरदेशची शिकायला आलेली मुलं आहेत. तिकडं त्यांच्या देशात लढाई चालूय. घरनं पैसे यायचे बंद झालेत. मेस परवडत नाही. एक वेळच खातात बिचारी. तर एका जेवणासाठी तुमच्याकडून..."

दिगंबररावांनी हातातलं सीताफळ खाली ठेवलं. सकाळचा राग होताच, त्यात हा फोन. ते एकदम सौजन्याच्या शिखरावर चढले.

"बाई, एवढी कळकळ असेल, तर आपण त्या मुलांना सरळ घरीच जेवायला का बोलवत नाही?"

"घरी, काका?"

"घरी! रविवारी आपण छान पानं मांडावीत. रांगोळी काढावी. आणि चांगलं सीताफळाच्या बासुंदीचं जेवण वाढावं. लोकांना फोन करत बसण्यापेक्षा आपण स्वतः काहीतरी करावं, असं मला वाटतं."

"काका... तुम्ही खरंच म्हणताय?"

"मी थट्टा करत नाही."

हे मात्र साफ खोटं होतं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काका, मी हे काम सुरू केल्यापासनं लोकांनी नुसता फोन आपटलाय हो. असं कुनीच बोललं नव्हतं. किती वाजता?"

"पुण्यात जेवण बारा वाजता असतं," दिगंबरराव म्हणाले आणि फोन ठेवला. आपल्या चार शब्दांनी एक मुलगी सुधारली, याचं त्यांना मनापासून समाधान वाटलं. ते पुन्हा फळांकडे वळले.

संध्याकाळी स्पृहा आली ती चपला न काढता थेट आजोबांच्या गळ्यात पडली.

"आजोबा! आय ॲम सो सॉरी! मी तुम्हाला काय काय बोलले सकाळी! आणि तुम्ही... तुम्ही लेजंड आहात!"

"काय झालं?" दिगंबररावांनी चष्मा सावरला.

"राजनंदिनीताईनं ग्रुपवर टाकलंय. रविवारी बारा मुलं आपल्याकडे जेवायला! सुदान, येमेन, सगळीकडची! मीच तुमचा नंबर दिला होता तिला, पण मला वाटलं होतं तुम्ही तिला कापून काढाल."

"आपल्याकडे?" दिगंबररावांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना या शब्दाची भीती वाटली.

स्वयंपाकघराच्या दारात कुसुमताई उभ्या होत्या. फोनवरचं बोलणं त्यांनी दुपारी ऐकलंच होतं. त्यांच्या लक्षात सगळा प्रकार आला, आणि त्या पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. स्पृहा हातपाय धुवायला गेली तसे दिगंबरराव फोन घेऊन बाल्कनीत आले.

"राजनंदिनीताई, थोडा घोटाळा झालाय. मी जे 'आपण' म्हणालो, ते आपल्याला उद्देशून होतं."

"हो काका. आपल्याला सगळ्यांनाच."

"सगळ्यांना नव्हे. आपल्याला. एकटीला."

"एकटीला कसं जमल, काका? आपण हाय ना!"

"आपण आहातच! तेच सांगतोय मी. आपण आहात, मी नाही."

"असं नका बोलू, काका. तुमी नसला तर कसं व्हायचं?"

"अहो, आपण म्हणजे मी नव्हे!"

"काका, लई मोठं बोललात. आमच्या लोणी गावात कीर्तनकार महाराज हेच सांगतात. 'मी'पणा सोडायचा. पोरांना सांगितलं तेव्हा तुमी बघायला पायजे होतं. सगळ्यांनी शर्ट इस्त्रीला टाकलेत."

त्या शर्टांपुढे दिगंबररावांचं व्याकरण लंगडं पडलं. ते आत आले आणि खुर्चीत बसून राहिले.

"तरी मी लग्न झाल्यापासून सांगतेय," कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या, "माणसांशी माणसासारखं बोला. तिच्या गावाकडे 'आपण' म्हणजे आपण सगळे. फार तर 'मी'. 'तुम्ही' कुठून असणार?"

"ते काही नाही. मी स्पष्ट सांगणार, मी कुणालाही बोलावलेलं नाही."

"सांगा की. स्पृहा आतच आहे."

आतून स्पृहाचं गाणं गुणगुणणं ऐकू येत होतं. गेल्या वर्षभरात ती या घरात गुणगुणली नव्हती. दिगंबररावांनी घसा खाकरला, आणि नुसताच खाकरला.

"बरं, मग बासुंदीऐवजी शिरा करू. बारा जणांना."

"बेत तुम्हीच सांगितलात ना फोनवर? राजनंदिनीनं तोसुद्धा ग्रुपवर टाकलाय."

शुक्रवारी सकाळी ही बातमी सोसायटीत पोचली. सेक्रेटरी रामदास काळे यांना कुठलंही चांगलं काम दिसलं, की त्याचा फलक लावल्याशिवाय राहवत नसे. दुपारपर्यंत गेटवरच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं होतं, 'आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सभासद श्री. दि. वा. सोवनी यांचा स्तुत्य उपक्रम'. लिफ्टमध्ये लोक हात जोडायला लागले. पार्किंगच्या भांडणापासून तोंड फिरवणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी चक्क "कसे आहात?" विचारलं. दिगंबरराव "ठीक" म्हणाले, पण खोटं कशाला बोला, त्यांना आतून बऱ्यापैकी गुदगुल्या झाल्या. मोठेपण फुकट मिळत असेल तर कुणाला नको असतं?

"सोवनीसाहेब, रविवारी आम्ही दोघं येऊ," रामदास म्हणाले. "जेवायला नाही हो! फोटोपुरतं."

पण पिशवीभर सीताफळांत बारा पोरं, घरचे तिघं, राजनंदिनी आणि फोटोपुरते दोघं बसणार कसे? शनिवारी सकाळी दिगंबरराव स्पृहाच्या स्कूटरवर मागे बसून मार्केट यार्डात गेले आणि ओळखीच्या वैजनाथच्या गाळ्यावरून पुरंदरच्या सीताफळांचा भरलेला क्रेट मांडीवर घेऊन आले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते फळांना सांभाळून घेत होते आणि खड्ड्याला "आपलं अभिनंदन" म्हणत होते.

मग सुरू झालं बियांचं काम. ज्यानं सीताफळाच्या बिया काढल्या नाहीत, त्याला कळायचं नाही. एका फळात देवानं गर घातलाय चिमूटभर आणि बिया घातल्यात मूठभर, आणि त्याही अशा निसरड्या की धरायला गेलं की सोफ्याखाली. स्पृहानं पहिल्या काही फळांतच हात वर केले.

"आजोबा, धिस इज इनह्युमन. मिक्सर नाही का लावता येत?"

"लावता येतो. बियांची पावडर खायची असेल तर."

दोघंही कोपरापर्यंत चिकट होऊन बसलेले असताना बेल वाजली. दारात राजनंदिनी होती. केसांची घट्ट वेणी, खांद्यावर मोठी झोळी, आणि फोनवरच्या आवाजापेक्षा वयानं बरीच लहान. तिच्यामागे दाराच्या चौकटीखाली वाकून एक उंचच उंच मुलगा उभा होता.

"काका, हा इद्रीस. सुदानचा. म्हटलं एवढं मोठं काम काढलंय तुमी, हाताखाली कुनीतरी पायजे."

"नमस्ते, दादाजी," इद्रीस म्हणाला. तीन वर्षं पुण्यात काढल्यानं त्याचं हिंदी झकास झालं होतं. चपला काढून तो आत आला आणि क्रेटसमोर एकदम थबकला.

"गिश्ता!"

"काय?" दिगंबररावांनी विचारलं.

"गिश्ता! ये हमारे घर में है! आँगन में पेड़ है!"

आणि विचारल्या-सवरल्याशिवाय तो फतकल मारून खाली बसला. एक फळ त्यानं उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. दिगंबररावांना चमत्कारिक वाटलं. गुरुवारपासून ते स्वतः सीताफळांसमोर अगदी असंच करत बसले होते, आणि घरातल्या दोन्ही बायकांनी त्यांना त्यावरून वेडं ठरवलं होतं.

स्पृहा हात धुवायच्या निमित्तानं सटकली, आणि इद्रीस व दिगंबरराव बिया काढत बसले. इद्रीस बोलत राहिला. गाव कस्साला, घराला मागे डोंगर, अंगणात हे झाड. सगळ्यात पिकलेलं फळ कोण आधी काढतं यावरून भावाभावांत मारामाऱ्या. "माँ बोलती थी, पूरा पेड़ तेरा अकेले का नहीं है," तो हसत म्हणाला. मग हसू जरा ओसरलं. आईशी बोलून बरेच आठवडे झाले होते. फोन लागतच नव्हता. झाड आहे की नाही कुणास ठाऊक. दिगंबररावांनी निवडून निवडून चांगलं टपोरं फळ त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे बघ, हे बरं आहे."

आत स्वयंपाकघरात राजनंदिनी दुधाचं पातेलं ढवळत होती आणि कुसुमताई गप्पांच्या ओघात बोलून गेल्या.

"अगं, ह्यांचं 'आपण' म्हणजे 'तुम्ही' असतं. रागावले की तसं बोलतात. तुझा मात्र काय गैरसमज झाला बाई!"

पळी थांबली.

"म्हणजे... काकांनी बोलावलंच नव्हतं?"

बाहेर दिगंबररावांना सगळं ऐकू आलं. झालं! सुटका आयती दारात येऊन उभी राहिली होती. आता फक्त गप्प बसायचं. पोरगी स्वतःच माफी मागून बेत रद्द करील, स्पृहा रागावेल ती राजनंदिनीवर, आणि सबंध क्रेटची बासुंदी आपली.

राजनंदिनी बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"काका, माझीच चूक झाली. मी पोरांना सांगते काहीतरी. तुमाला उगाच..."

इद्रीसचे हात गरात थांबले. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो आवाज कळला. अशा आवाजात बोलणं ऐकायची त्याला सवय असावी, कारण त्यानं फळ हळूच वर्तमानपत्रावर ठेवलं आणि उठायची तयारी केली.

"बसा खाली!" दिगंबरराव एवढ्यांदा ओरडले की बाल्कनीतलं मांजर पळालं. "कुणी म्हटलं मी बोलावलं नाही? मी बोलावलंय. मी! दिगंबर वामन सोवनी! काय समजलात? आणि इद्रीस, तू काम कर. बोलत बसतो नुसता!"

राजनंदिनीनं वाकून नमस्कार केला, आणि दिगंबररावांनी चिकट हातांनी आशीर्वाद दिला. स्पृहानं हे सगळं मोबाइलवर टिपून घेतलं नाही, उलट ती मुकाट्यानं येऊन पुन्हा बिया काढायला बसली. कुसुमताई आतून म्हणाल्या, "दूध ओतू जातंय, कुणीतरी या."

तरीपण वाटी ती वाटी! दिगंबरराव मोठ्या मनाचे झाले होते, वेडे झाले नव्हते. रविवारी सकाळी बासुंदी तयार झाली, आणि कुसुमताई आंघोळीला आणि स्पृहा रांगोळीला गेलेली बघून त्यांनी आपली ती पातेल्याएवढी वाटी काठोकाठ भरली. लपवायची कुठे? फ्रीजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात कारली होती. कारल्यांना या घरात दिगंबररावांच्या पथ्याशिवाय कुणी हात लावत नसे. त्यांनी वाटीवर ताटली घातली, वर कारली रचली आणि कप्पा बंद केला. मग देवाला नमस्कार केला, जरा घाईनं.

बाराला मुलं आली. इस्त्रीचे शर्ट, तेल लावलेले केस, हातात मिळून आणलेला एक फुलांचा गुच्छ. सतरंजीवर पंगत बसली. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, आणि बासुंदी. येमेनच्या एका मुलानं कोशिंबीर आधी जपून चाखली आणि मग कुसुमताईंना "एक और मिलेगा?" असं इतक्या अदबीनं विचारलं की त्यांनी अख्खं पातेलंच त्याच्याजवळ ठेवलं. इद्रीस मात्र बसायलाच तयार नव्हता. "मैंने बनाया है, मैं देगा," म्हणत बासुंदीची पळी त्यानं हातातून सोडली नाही.

फोटोपुरते आलेले रामदास काळे सपत्नीक जेवायला बसले. फोटो काढण्यासाठी माणूस ताजातवाना हवा म्हणून त्यांनी बासुंदी दोनदा घेतली, आणि फोटो नीट आला नाही म्हणून तिसऱ्यांदा. मग हात धुऊन ते भाषणाला उभे राहिले.

"मित्रहो, आज सोवनीसाहेबांनी जे केलं, ते आपण दर रविवारी करायला हवं! पुढच्या रविवारी आपण पुन्हा या मुलांना जेवू घालू या!"

टाळ्या पडल्या. राजनंदिनीनं झोळीतून मोबाइल काढला. दोन दिवसांत पोरगी बरंच शिकली होती.

"काळेकाका, पुढच्या रविवारी तुमच्याकडं. बारा वाजता ना?"

"नाही, नाही, म्हणजे... मी आपण म्हणालो."

"हो काका. कालच कळलं मला. आपण म्हणजे तुम्ही."

दिगंबररावांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की सगळ्यांना पुन्हा वाजवाव्या लागल्या. काळेबाईंनी नवऱ्याकडे जे बघितलं ते फोटोत यायला हवं होतं.

जेवणं आटोपली. खाली बागेत ग्रुप फोटो काढायचा म्हणून रामदास सगळ्या मुलांना घेऊन गेले. घर एकदम शांत झालं. दिगंबरराव सोफ्यावर टेकले. पंगतीत त्यांनी बासुंदीला हात लावला नव्हता. लोकांनी त्यालाही त्याग समजून माना डोलावल्या होत्या. आता जरा सामसूम झाली की कारली, मग वाटी, मग दोन वर्षांचा हिशेब पुरा!

तेवढ्यात त्यांना स्वयंपाकघराच्या दारातून इद्रीस दिसला. तो फोटोला गेलाच नव्हता. मोरीकडे न्यायला बासुंदीचं रिकामं पातेलं त्यानं उचललं होतं. आत वाकून बघितलं. मग कुणी बघत नाही अशी खात्री करून पातेल्याच्या कडेनं एक बोट फिरवलं आणि ते तोंडात घालून तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. सगळ्यांना वाढता वाढता त्याला स्वतःला थेंब उरला नव्हता.

दिगंबररावांनी तोंड फिरवलं. मी काय करू, त्यांनी मनाशी भांडायला सुरुवात केली. बसायला सांगितलं होतं की नाही? मी काय सगळ्या जगाला पुरणार आहे? एका वाटीनं जगाची भूक जाते का? जगाकडे बघायला मोठमोठ्या संस्था आहेत, देश आहेत, परिषदा भरतात. आणि मला डॉक्टरांनी एकच वाटी सांगितलीय, एकच! आता पुन्हा तो कधी खुशीत येईल कोण जाणे.

सगळे मुद्दे बिनतोड होते. पण आत जग उभं नव्हतं, इद्रीस उभा होता, आणि तो दुसऱ्यांदा बोट फिरवत होता.

"छे! ह्या पोराच्या..." म्हणत दिगंबरराव उठले. तरातरा स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला आणि भाजीचा कप्पा ओढला. कारली बाजूला सारली. आणि तसेच वाकून राहिले.

कप्प्यात तीन वाट्या होत्या.

एक त्यांची. तिच्याशेजारी एक चांदीची, ताटलीखाली. आणि कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची, निळ्या झाकणाची.

"चांदीची माझी आहे," मागून आवाज आला. कुसुमताई दारात उभ्या होत्या आणि छताकडे बघत होत्या. "बियांना हात लावणार नाही म्हटलं होतं मी. खाणार नाही असं कुठे म्हटलं होतं?"

दिगंबररावांनी निळ्या झाकणाकडे बघितलं. मग कुसुमताईंच्या मागे उभ्या असलेल्या नातीकडे. जगाच्या गरिबीची काळजी वाहणाऱ्या स्पृहाचे कान लालेलाल झाले होते.

"आजोबा, आय कॅन एक्सप्लेन."

"आपण एक्सप्लेन करावंच," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. आधी ते एकटेच हसत होते. मग कुसुमताई ओट्याला धरून हसायला लागल्या, मग स्पृहा जमिनीवरच बसली. काय चाललंय ते बघायला राजनंदिनी बाहेरून धावत आली. इद्रीस पातेलं हातात घेऊन भिंतीला चिकटून उभा होता. आपल्यालाच पकडलंय असं बहुधा त्याला वाटत होतं.

दिगंबररावांनी आपली वाटी काढून त्याच्या हातात दिली.

"खा."

"नहीं, दादाजी, ये आपका..."

"माझीच आहे. लपवली होती. आता खा म्हणतो ना! आणि राजनंदिनी, तू काय बघत उभी राहिलीस? तुलाही मिळाली नसणार. बस."

स्वयंपाकघराच्या फरशीवर पाच जणं गोल बसली. मध्ये तीन वाट्या, हातात चमचे. पहिला घास इद्रीसनं घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं बाहीनं पुसलं, सरळ इस्त्रीच्या शर्टाच्या. मग त्यानं ती मोठी वाटी दिगंबररावांपुढे सरकवली. दिगंबररावांनी चमचा बुडवला. दोन वर्षांनी ती चव जिभेवर आली आणि त्यांना भरून आलं, ते कुणापासून लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"काका, ह्यातलं माझ्या आईला दिलं असतं तर लई आवडलं असतं," राजनंदिनी म्हणाली.

"मग घेऊन ये एकदा. लोणी काय लांब आहे?" कुसुमताई म्हणाल्या.

एवढ्यात बेल वाजली. सगळे चमचे जागच्या जागी थांबले. दिगंबरराव उठले आणि दार बोटभर उघडून उभे राहिले. बाहेर रामदास काळे.

"सोवनीसाहेब, फोटो छान आलेत. आता पुढच्या रविवारचं आमच्याकडे ठरलंच आहे, तर म्हटलं बासुंदीचा अंदाज घ्यावा. हिला पुन्हा एकदा चव बघायची होती. थोडी उरलीय का?"

"संपली," दिगंबरराव म्हणाले.

"अगदी थोडीशीसुद्धा?"

दिगंबररावांच्या डोक्यावरून एक उंच चेहरा बाहेर डोकावला. वरच्या ओठावर बासुंदीची पांढरीशुभ्र मिशी.

"संपली!" इद्रीसनं रामदासांना ठणकावून सांगितलं.

"अरे वा!" रामदास कौतुकानं म्हणाले. "मराठी यायला लागलं की याला!"

"शिकवतोय आम्ही," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.